रेघ धरणारं खाणं

माघातला दुसरा रविवार. जमायची जागा : पेणचा एस.टी. स्टँड. वेळ : उजाडताना. जायचं कुठं : सायकलनं रोहा, आणि परत. हजर : मोरेश्वर ऊर्फ मोरूदादा, गणपतीच्या कारखान्यांत डोळे आखणारे; कुंदा, शाळेत खेळ शिकवणारी, धरमतरच्या खाडीकडची, मिठागरवाल्या घरातली; शिरीष, रोह्याच्या एका कंपनीत शिफ्ट सांभाळणारा; आणि मी, पंक्चरचं सामान, पाणी आणि यादी सांभाळणारी. गैरहजर : कोणी नाही.

त्या रविवारनंतर गैरहजरांचा रकाना पुन्हा कधी रिकामा राहिला नाही.

मोरूदादांना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी आधी त्यांचं काम सांगते. पेणला वर्षभर गणपती घडतात. माती मळणारे वेगळे, साचा भरणारे वेगळे, घासणारे, रंग देणारे वेगळे. सगळ्यात शेवटी मूर्तीला डोळे काढतात, त्याला आखणी म्हणतात. ते काम मोजक्या माणसांचं असतं. मोरूदादा फक्त डोळे आखत. सोंडेला, पितांबराला त्यांनी कधी हात लावला नाही. कुणी विचारलं तर भर कारखान्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत, "अंगाला रंग कोणी पण देतो. बघायला मी लावतो."

नम्रपणा त्यांच्याकडे औषधालाही नव्हता. आपण बरोबर आहोत याची त्यांना सदैव खात्री असे, आणि निम्म्या वेळा ते साफ चुकत. दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच आनंद व्हायचा.

सायकल त्यांनी उतारवयात धरली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण चालण्याचा त्यांना कंटाळा, कारण "चालताना एकच घर लय वेळ बाजूला राहतं." मग त्यांनी गिअरची सायकल घेतली आणि तिला कॅरिअर, स्टँड, मडगार्ड आणि एक भली मोठी घंटी बसवून घेतली. दुकानदार म्हणाला, अहो काका, हिचं वजन वाढेल. मोरूदादा म्हणाले, "वाढू दे की. बाईमाणूस जरा अंगानं भरलेलीच बरी दिसते." हे ऐकून कुंदा त्यांच्याशी वडखळपर्यंत बोलली नव्हती. वडखळला त्यांनी तिला चहा पाजला आणि सायकलला बाईमाणूस म्हणणं कायमचं बंद केलं. त्यानंतर ते तिला 'आमची म्हैस' म्हणू लागले.

आमच्या फेऱ्यांना काय खायचं ते मोरूदादा ठरवत. त्यांना ते काम कुणी दिलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या ओटीवर आम्ही जमायचो. मी विचारायची, "दादा, उद्या किती केळी?" ते डोळे मिटत. सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून ओरडत, "झाली समाधी सुरू! ताई, तुम्ही आपली केळी घेऊन मोकळ्या व्हा."

"थांब गो," मोरूदादा म्हणत, "रस्ता काय मागतो ते बघू दे."

त्यांचं म्हणणं असं की आपल्याला जे आवडतं ते घरी खावं. सायकलवर रस्त्याला जे लागतं ते खायचं. वडखळपासून नागोठण्यापर्यंत ट्रकांची वर्दळ, तिथं कुरकुरीत काही नको. एवढ्या आवाजात आणखी आपला आवाज कशाला? धरमतरच्या बाजूला जायचं तर मीठ नको, गोड घ्या. मीठ वाराच देतो. भिसे खिंडीच्या चढाला तिखट. का? तर चढावर माणूस रागावलेलाच असतो, त्याच्या रागाला सोबत पाहिजे. उताराला काहीच नाही. "उतरताना तोंड उघडं ठेव, वारा खा."

मी हे सगळं लिहून घेत असे. पुरवठ्याच्या दृष्टीनं यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. पण पहाटे निघालो, खाडीवरचं धुकं रस्त्यावर आलेलं असलं, मिठागरांतलं पाणी आणि आभाळ यांत कुठून कुठवर काय ते कळत नसलं, आणि पुढं फक्त त्यांच्या सायकलचा तांबडा दिवा हलताना दिसत असला, की ते म्हणतात तसंच असावं असं वाटायचं. रस्ता काहीतरी मागतो आहे, आणि आपल्या डब्यात ते आहे.

आता ते खाण्याची परीक्षा कशी घेत ते.

पहिल्याच लांबच्या फेरीला, रोह्याला कुंडलिकेच्या काठी कट्ट्यावर आम्ही डबे उघडले, खाल्लं, थोडं टेकलो. मोरूदादांनी हँडलच्या पिशवीतून टूथब्रशची जुनी डबी काढली. आत बारीक कुंचला होता. त्यांनी तो पाण्याच्या बाटलीत बुडवला आणि उन्हानं तापलेल्या दगडावर एक डोळा आखला. आधी वरची पापणी, एका दमात. मग खालची. मग बुबुळ. ओल्या रेघेचा काळसर डोळा दगडातून आमच्याकडे बघू लागला. मग कोपऱ्याकडून रेघ वाळत आली, पापणी गेली, शेवटी बुबुळ एवढंसं राहिलं आणि तेही गेलं. डोळा मिटल्यासारखा वाटला.

"धरली," मोरूदादा म्हणाले.

"काय धरली?" शिरीषनं विचारलं.

"रेघ. खाणं चांगलं हाय म्हणून धरली. पोट डळमळलं की हात डळमळतो, हात डळमळला की रेघ सुटते. ताय, लिव. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. धरणारं."

तेव्हापासून आमच्या खाण्याच्या दोन जाती झाल्या. धरणारं आणि सोडणारं. प्रत्येक मुक्कामाला ते पाण्यानं डोळा आखत. पुलाच्या कठड्यावर, मैलाच्या दगडावर, एकदा तर बंद पडलेल्या रोडरोलरच्या चाकावर. केळी सोडणारी ठरली. उकडलेली अंडी धरणारी. बिस्किटं इतकी सोडणारी की मोरूदादांनी पुड्याकडे बघूनच सांगितलं, कुंचला ओला करायलाही नको. ते शब्द आमच्या घरांतही शिरले. कुंदा तिच्या नव्या हेडमास्तरांबद्दल म्हणाली, "सोडणारा माणूस आहे." वहिनी भाजीवाल्याला म्हणत, "तुझी मेथी सोडणारी हाय रे, उद्यापर्यंत नाय टिकायची."

एकदा शिरीषनं मुंबईहून शर्यतीवाल्यांची खायची जेल आणली. हिरवट चकचकीत पाकीट, तोंडाशी फाडायचं आणि पिळायचं. मोरूदादांनी ती बोटावर घेतली, उजेडात धरली, दुसऱ्या बोटानं पसरून बघितली.

"हा तर तयार रंग हाय. शेड कुठली?"

"ऑरेंज, दादा."

"ऑरेंज नाय हा. शेंदरी. पाणी जास्त झालंय." तरी त्यांनी ती खाल्ली. नागोठण्याच्या पुढं कठड्यावर डोळा आखला. रेघ अशी धरली की आम्ही टाळ्या वाजवल्या. मोरूदादांचा चेहरा उतरला. वडखळपर्यंत ते घंटीसुद्धा न वाजवता आले. तिथं सायकल स्टँडला लावून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "लिव ताय. धरणारं. पण कंसात लिव, हे खाणं नाय."

त्यांची सगळ्यात लाडकी होती ती पोह्याच्या पापडाच्या लाट्या. पापडाचं पीठ कुटून मळलं की त्याच्या गोळ्या करतात, त्या लाट्या. वहिनी आणि शेजारणी पापडाला बसल्या की मोरूदादा उंबऱ्यात ठाण मांडत. वहिनी हात मारत, "सगळ्या लाट्या खाल्ल्या तर पापड कशाचे करू, तुमच्या टाळूचे?" तरी डबाभर लाट्या तेलात घोळवून त्या आम्हाला देत. हिंग, मिरची, मीठ, आणि चघळायला पुष्कळ वेळ. चढाच्या पायथ्याशी तोंडात टाकलेली लाटी माथ्यावर संपे. मोरूदादा म्हणत, "लोक पापड खातात आणि वा म्हणतात. पापड म्हंजे लाटीचं म्हातारपण."

आणि पुरणपोळी. शिमग्याच्या नंतरचा रविवार होता. शनिवारी मोरूदादांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. मग जाहीर केलं, की भिसे खिंड पुरण मागते. डाळीचं बळ, गुळाची गोडी, आणि तूप सांध्यांना. शिरीषला दुपारी दुसरी शिफ्ट होती; सायकलनं रोह्याला जाऊन तसाच कामावर जायचं आणि रात्री कंपनीच्या बसमध्ये सायकल टाकून परतायचं, असा त्याचा बेत होता. खिंडीच्या माथ्यावर सागाच्या झाडांखाली आम्ही पोळ्या खाल्ल्या. वहिनींनी तूप वेगळ्या डबीत दिलं होतं, ते संपवलं. झाडांची वाळलेली पानं एकेक करून खाली येत होती, प्रत्येक पान पडताना थाळी ठेवल्यासारखा आवाज. खाली दरीत कुठंतरी गाईच्या गळ्यातलं लाकडी लोढणं वाजत होतं. "जरा पाठ टेकतो," असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन झाडांच्या दुसऱ्या बाजूला गेलं होतं. अंगावर पानं होती. मोरूदादा उताणे पडून आभाळाकडे बघत होते.

"ताय, स्वप्न पडलं. आपण बसलोय, आणि खिंड सायकल चालवत आपल्या बाजूनं निघून गेली. घंटी पण वाजवली तिनं."

शिरीष उठला, घड्याळ बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. फोन लावून तो म्हणाला, "साहेब, वाटेत पंक्चर झालंय."

"पोटाला!" मागून मोरूदादा ओरडले.

फोनवरच्या साहेबांना ते ऐकू गेलं. त्या साहेबांनी पुढं कित्येक महिने शिरीषला "पोटाचं पंक्चर निघालं का?" असं विचारलं. झोपून उठल्यावर मोरूदादांनी खडकावर डोळा आखला, तो आजवरचा सगळ्यात देखणा निघाला. शांत, अर्धवट मिटलेला, कुणी गोड झोपेतून बघावं तसा. मग वाद लागला, पुरणपोळी लिहायची कुठं? मोरूदादांनी निकाल दिला, "रेघ धरते, माणूस सोडते."

पुढच्या दिवाळीच्या आसपास रेघ पहिल्यांदा हलली.

फारसं काही नव्हतं. खालच्या पापणीत, मध्यावर, एक बारीकशी लहर. मोरूदादांनी दगडाकडे बघितलं, मग डब्याकडे. म्हणाले, "चकली सोडणारी हाय." आम्ही हसलो. पुढच्या फेरीला अंडी सोडणारी निघाली. मग लाट्या. मोरूदादांनी लाट्यांचा डबा बंद केला आणि परत येईपर्यंत उघडला नाही. मग एके दिवशी तांदळाची भाकरीसुद्धा.

कुंदाला राहवलं नाही. "दादा, गेल्या वर्षी हीच भाकरी धरत होती ना?"

"तांदूळ बदललाय."

"तुमच्याच घरचा तांदूळ आहे."

"मग पाणी बदललंय."

"पाणी तेच. नळ तोच."

"मग तू लय बोलतेस, त्यानं हलते."

माझ्या यादीत धरणाऱ्यांची बाजू रिकामी होत चालली. एका शनिवारी मी डबे परत द्यायला गेले तेव्हा मोरूदादा घरी नव्हते. वहिनींनी मला आत बसवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

"ताई, खरं सांगू? सकाळी चहाचा कप उचलतात तेव्हा पण ह्यांचा हात हलतो. पोटभर जेवल्यावर पण हलतो. हे खाण्याचं नाय ओ."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं की. गोळ्या दिल्या. म्हणाले, वाढत जाईल, बारीक काम आता सोडा. हे बाहेर येऊन मला काय म्हणाले ठाऊक? त्या डॉक्टरला सायकल येत नाय. खाणं सापडलं की हात थांबेल." त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर फेकला. "आषाढात आखणीला बसायचं असतं. ह्यांच्या डोळ्यांसाठी लोक मुंबईहून येतात. एक रेघ चुकली तर मूर्तीचं तोंडच बदलतं. तोवर नाय सापडलं तर काय करतील हो हे? ह्यांना दुसरं काय येतं?"

मी डबे ठेवले आणि घरी आले.

कुंदाला आणि शिरीषला मी काही सांगितलं नाही. त्यांना सांगायची गरज नव्हती, हे पुढच्याच रविवारी कळलं. कुंदानं आईकडून खाडीतल्या जवळ्याची चटणी करून आणली होती आणि नाचणीची भाकरी. शिरीषनं तिळाचे लाडू, त्यात जवस घालून. माझ्या पिशवीत भिजवलेले शेंगदाणे आणि खजूर होते. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. चौघांनाही ते खाणं सापडायला हवं होतं, आणि निदान तिघांना ठाऊक होतं की ते कुठल्याही डब्यात नाही. तरी आम्ही शोधत राहिलो. मोरूदादा शोधत होते, त्यांना एकट्याला कसं शोधू द्यायचं?

त्या हिवाळ्यात आम्ही जेवढे हिंडलो तेवढे आधी कधी हिंडलो नव्हतो. आणि विचित्र म्हणजे ते दिवस मला दुःखाचे आठवत नाहीत. धुक्यातून निघायचं, ऊन पाठीवर येईपर्यंत बोलायचं नाही. दोन्ही बाजूला कापलेल्या भातशेतांत वाल फुलावर आलेला. कुठंतरी थांबायचं, डबा उघडायचा, खायचं, आणि मग सगळ्यांनी एका दगडाभोवती वाकून उभं राहायचं. कुंचला टेके. रेघ निघे, जराशी थरथरे. दगडावरचा डोळा रडून नुकताच पुसल्यासारखा दिसे. मग तो वाळून जाई आणि आम्ही पुन्हा निघायचो. एखाद्या फेरीला रेघ त्यातल्या त्यात बरी निघाली की मोरूदादा परतीच्या वाटेवर मोठ्यानं गात. आवाज भसाडा होता. कुंदा म्हणे, "दादा, गाणं सोडणारं आहे."

आता तो माघातला रविवार.

खाणं मोरूदादांनी ठरवलं होतं : पोपटी. शिरीषच्या कंपनीतल्या एकाची रोह्याजवळ वाडी होती, तिथं मडकं लावायचं होतं. आमच्या भागात थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी होते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ, पुन्हा पाला कोंबून तोंड बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती काटक्या-गवत पेटवायचं. ना तेल, ना पाण्याचा थेंब. मोरूदादांनी ती मुद्दाम मागं ठेवली होती. शनिवारी ओटीवर ते म्हणाले होते, "पोपटीत कोणाची लुडबुड नाय. तेल नाय, तिखट नाय, तव्यावर कोणी उलटवत बसत नाय. जे काय हाय ते आपल्याच वाफेत शिजतं. ही नाय धरली तर—" आणि वाक्य तिथंच सोडून ते चपला शोधायला उठले.

वाटेत खिंडीत त्यांनी घंटीसुद्धा वाजवली नाही. वाडीवर पोचलो तर मडकं आधीच पेटलं होतं. आच ओसरल्यावर वाडीवाल्यानं मडक्यावर पाण्याचा शिपका मारला, चर्र आवाज झाला. "झाली," तो म्हणाला. पाला उपसला तसा ओव्याचा, धुराचा, हिरव्या शेंगांचा वास सगळ्या वाडीभर झाला. आम्ही केळीच्या पानांवर घेतलं. शेंगा हाताला चटका देत होत्या, दाणे लोण्यासारखे सुटत होते. सालांचे ढीग वाढत होते.

उरलेली पोपटी त्यानं पानात बांधून दिली. तिथून आम्ही नदीकाठच्या त्याच कट्ट्यावर आलो. कुंडलिका संथ वाहत होती, पलीकडच्या काठावरची झाडं पाण्यात उलटी उभी होती. मोरूदादांनी डबी काढली. कुंचला भिजवला, बाटलीच्या काठावर निथळवला. मी वही उघडून बसले होते. कुंदा नदीकडे तोंड करून उभी राहिली. तिला बघायचं नव्हतं.

वरची पापणी मध्यापर्यंत सरळ गेली. मग हललीच. वाऱ्यानं पाणी हलावं तशी, शेवटपर्यंत. मोरूदादांनी खालची पापणी काढली, तीही तशीच. बुबुळ काढलंच नाही. ते रेघेकडे बघत राहिले. आम्ही वाट बघत होतो, आता दोष कुणावर येणार? पाल्यावर, मिठावर, की धुरावर?

मोरूदादा म्हणाले, "पोपटी झकास झाली होती."

मी पेन टेकवलं नाही.

"खाण्यात काय खोट नव्हती गो."

शिरीष घाईनं म्हणाला, "दादा, मला वाटतं मीठ जरा जास्त पडलं होतं."

"नाय रे. मीठ बरोबर होतं."

"मग वाल थोडे कडू होते," नदीकडे बघतच कुंदा म्हणाली.

"वाल कडूच असतात, बाय."

दगडावरची रेघ वाळत गेली. मोरूदादांनी कुंचला बाहीला पुसला, डबीत ठेवला, डबी पिशवीत ठेवली. मग हात चोळले आणि आजूबाजूला बघत विचारलं, "उरलीय का त्यातली? आण इकडं." त्यांनी पान उलगडलं आणि शेंगा खायला लागले. हात हलत होता. एक दाणा खाली पडला, त्यांनी तो उचलला, फुंकला आणि तोंडात टाकला. शिरीषनंही पुढं होऊन एक शेंग घेतली, मग कुंदानं, मग मी. पान साफ होईपर्यंत आम्ही खात होतो.

परतताना ते माझ्या बरोबरीनं सायकल चालवत होते.

"ताय, एक सांगू? सायकलवर मी मला आवडतं ते कधी खाल्लंच नाय."

"मग तुम्हाला आवडतं काय?"

"कलिंगड."

मला हसू आलं. "कलिंगड नुसतं पाणी, असं तुम्हीच म्हणायचात. यादीत लिहूसुद्धा दिलं नाहीत."

"व्हय. पाणीच हाय. काय पण धरत नाय ते." ते खूश होते. "आता वडखळला ढीग लागतील. एक आख्खं घ्यायचं. म्हशीच्या कॅरिअरला बांधायचं, धरमतरला न्यायचं, आणि खाडीच्या काठावर बसून फोडायचं."

"वडखळलाच कापून घेऊ की. दुकानदार फोडी करून देतो. तेवढं ओझं कशाला न्यायचं?"

"नाय गो नाय. तिथंच. कलिंगडाला वारा खारा पायजे. तू फक्त बांधायचं बघ."

मी 'दोरी' असं लिहून घेतलं.

खिंडीचा माथा आला. उताराला मोरूदादा नेहमी दोन्ही ब्रेक दाबून, सगळ्यांच्या मागं यायचे. हाताला हिसका बसायला नको म्हणून. त्या दिवशी ते पुढं झाले. ब्रेक सोडलेले. त्यांचा पूर्ण बाह्यांचा सदरा वाऱ्यानं फुगला, दोन्ही बाजूंनी फडफडला. समोर कुणी नव्हतं, गाय नव्हती, गाडी नव्हती. तरी घंटी एकसारखी वाजत होती. सागाच्या पानांतून तिरकं ऊन रस्त्यावर पडलं होतं, त्यातून ते जात होते, उजळत, विझत, पुन्हा उजळत. तोंड उघडं असणार, मागून दिसत नव्हतं. मग वळण आलं. घंटी वळणापलीकडे थोडा वेळ ऐकू येत राहिली.

सोमवारी ते स्वतः कारखान्यात गेले आणि मालकांना म्हणाले, "यंदा डोळे दुसऱ्याकडून घ्या. माझी रेघ सुटली." वहिनी सांगत होत्या, की घरी येऊन ते वाटीभर लाट्या खाऊन झोपले. पुढच्या रविवारी त्यांना ताप होता. त्याच्या पुढच्या रविवारी कुंदाच्या शाळेच्या स्पर्धा. मग ऊन वाढलं, मग पाऊस. त्या वर्षी गणपती जाऊन थोडेच दिवस झाले होते, मोरूदादा गेले.

आम्ही तिघं अजून जातो. खाणं मी ठरवते, बरं असतं. माघ सरत आला की वडखळला रस्त्याच्या कडेला कलिंगडांचे ढीग लागतात आणि आम्ही सायकली थांबवतो. पहिल्या वर्षी शिरीषनं सामान बांधायचा रबरी पट्टा आणला. कलिंगड गोल, ते पट्ट्याखालून निसटलं. पुढच्या वर्षी कुंदानं ओढणीनं बांधलं. अलिबागच्या वळणावर वळलो, थोडं पुढं गेलो आणि ते रस्त्यावर पडून फुटलं. लालभडक फोडी, काळ्या बिया, सगळीकडे पाणी. कुंदा म्हणाली, "फुटलंच आहे तर खाऊन घेऊ ना." मी नको म्हटलं. ही ती जागा नव्हती.

यंदा जाळीची पिशवी करून बघायची आहे. सुतळी आणली आहे, विणायची राहिली आहे.